कौतुकानंतर गैरहजर

आमच्या आईला माझं काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही. खाडीकाठच्या आमच्या गावात कुणी विचारलं की ती सांगायची, "ती दुसऱ्यांच्या कामाला मार्क देते. पन मास्तरीन नाय." समोरची बाई मग हमखास विचारायची, "मंग तिला मार्क कोन देतं?" यावर आई विषय बदलायची, कारण उत्तर मलाही येत नव्हतं. तिच्या या व्याख्येत सुधारणा करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नंतर सोडून दिला, कारण ती बरीचशी बरोबर होती.

आमच्या धंद्याला मूल्यमापन म्हणतात. कुणीतरी समाजाच्या भल्यासाठी पैसे देतं, कुणीतरी संस्था त्यातून कार्यक्रम चालवते. वर्ष-दोन वर्षांनी देणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, की या सगळ्यातून झालं काय? मग देणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही असा एक माणूस शोधतात. तो माणूस म्हणजे मी. ऑडिटर विचारतो, पैसे कुठे गेले. मी विचारते, माणसं कुठे पोचली. साहजिकच चहा मला सगळीकडे मिळतो, पण दुसऱ्या कपाचा आग्रह कुणी करत नाही.

प्रत्येक कार्यक्रमाच्या पोटात एक 'जर-तर' असतं. जर वाचनालय काढलं तर मुलं वाचतील, वाचली तर शाळेत रमतील, रमली तर शाळा सोडणार नाहीत. आमच्या पुस्तकांत याला 'बदलाचा सिद्धांत' असं भारदस्त नाव आहे. मी त्याला साखळी म्हणते. माझं काम एवढंच, की एकेका कडीपाशी उभं राहायचं आणि ती ओढून बघायची. बहुतेक कार्यक्रमांत पहिली कडी झळझळीत असते आणि शेवटची कागदावर तरी शोभून दिसते. मधली एखादी नुसत्या सुतळीने बांधलेली असते आणि ते चालवणाऱ्यांनाही माहीत नसतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी शौचालयं, बालवाड्या, शिवणवर्ग असल्या गोष्टी बघितल्या. त्या डोळ्यांना दिसतात. शेवटची काही वर्षं मात्र आनंद बघण्यात गेली. 'सकारात्मक मानसशास्त्र' नावाचं एक शास्त्र संस्थांमध्ये आणि कंपन्यांमध्ये शिरलं. माणसात काय बिघडलंय हे शोधत बसण्यापेक्षा त्याच्यात काय चांगलं आहे ते शोधा आणि त्याला पाणी घाला, असं ते सांगतं. मी आधी नाक मुरडलं. आमच्या घरी एखादं पोर जास्त वेळ खूश दिसलं तर आई मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. पण वाचत गेले तसं पटलं, की यात तथ्य आहे. अडचण फक्त मोजताना येते.

नालासोपाऱ्याला तरुणांच्या एका केंद्रात पाच चेहरे छापलेला कागद वाटला होता, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. सगळ्यांनी सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. संस्था हरखून गेली. मी एका मुलाला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "मॅम, ताई एकदम सही आहेत ना. कमी मार्क दिले असते तर त्यांची नोकरी गेली असती." म्हणजे तिथे आम्ही मोजली ती माया, आणि अहवालात लिहिलं समाधान. उलट एका म्हाताऱ्या बागायतदाराला मी विचारलं, आयुष्याला दहापैकी किती देता? ते म्हणाले, "सात. धा दिले तर देव बोलेल, आता यांचं पुरं झालं." आता या सातचं काय करायचं, ते कुठल्याही पुस्तकात नाही.

हे सगळं सांगायचं कारण सातिवलीचा एक गाळा. माझ्या कामात मला जे काही कळलं असेल, त्यातलं निम्मं तिथे कळलं.

गाळ्यात शाळेची दप्तरं शिवायचे. वर पत्रा, खाली मशिनींच्या रांगा, दारात टेम्पो. मालक पारकरशेठ मूळचे मालवणकडचे. कधीकाळी दुसऱ्याच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. माणूस सरळ, पण जीभ अशी की 'बरं' हा शब्द त्यांच्या तोंडून फक्त फोन ठेवताना ऐकू यायचा. सातिवलीतल्या अशा छोट्या कारखान्यांचं एक मोठं दुखणं आहे, माणसं टिकत नाहीत. शेजारच्या गाळ्यात थोडे जास्त मिळतात म्हटलं की जातात. त्यावर उपाय म्हणून एका ट्रस्टने 'चांगलं ते सांगा' नावाचा कार्यक्रम आणला. तो राबवायला तन्वी नावाची मानसशास्त्र शिकलेली तरुण मुलगी नेमली होती. हुशार, मनापासून काम करणारी आणि थोडी घाईतली.

कार्यक्रमाचे दोनच भाग होते. एक, सकाळी मशिनी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीने कालच्या दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची. दोन, दर महिन्याला शेठनी एका कामगाराचा सर्वांसमोर सत्कार करायचा आणि त्याच्या गुणांबद्दल बोलायचं. साखळी अशी, की कौतुक झालं तर माणसाला किंमत कळेल, किंमत कळली तर तो टिकेल.

मी गेले ती शाळा सुरू झाल्यावर, म्हणजे दप्तरवाल्यांचा हंगाम संपल्यावर. पहिला भाग मला आवडला. बायका सांगायच्या, "काल पाणी पूर्ण वेळ आलं." "काल मुलाने न सांगता अभ्यास केला." एकीने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सासूबाई गावाला गेल्या," आणि सगळा गाळा हसला. तन्वीला वाटायचं की त्यांनी जरा खोलवरचं सांगावं. मला ते पुरेसं खोल वाटलं.

दुसरा भाग मात्र बसला होता. पहिला सत्कार कुंदाबाईंचा झाला होता. त्या चेकिंगला होत्या, म्हणजे शिवून आलेल्या दप्तराची चेन चालवून बघायची, पट्टे ओढून बघायचे, धागे कापायचे. कारखाना लहान होता तेव्हापासूनच्या. सत्कारानंतर त्या आल्याच नाहीत. पुढच्या महिन्यात ज्याचा सत्कार ठरला तो त्या दिवशी आजारी पडला. त्याच्या पुढच्या महिन्यात एक बाई शेठकडे हात जोडून आली, "या वेळी माझं नाव नको. पोरीचं लग्न काढलंय." त्यानंतर सत्कार बंदच पडला.

शेठ म्हणाले, "डोक्यावर चढवलं की असंच होतं. जिला शाल घातली ती फोन न करता निघून गेली. आमचे वडील सांगायचे, कामगाराची पाठ थोपटू नये."

तन्वी म्हणाली, "मॅम, मला वाटतं त्यांना कौतुक स्वीकारताच येत नाही. सेल्फ-एस्टीम इतका लो आहे. आणखी सेशन्स घ्यायला लागतील."

दोघांकडे उत्तर तयार होतं, आणि दोघांच्याही उत्तरात चूक कामगारांची होती. असं झालं की माझं डोकं फिरतं. कार्यक्रम फसला की आधी लोकांना दोष द्यायचा, ही या क्षेत्राची जुनी खोड आहे. पण मला त्या लग्न काढलेल्या बाईचं वाक्य अडकून राहिलं. पोरीचं लग्न आणि सत्कार यांचा संबंध काय? दुपारच्या चहाला मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तेच विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढं शिकलेल्या बाईला हे कळू नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "मॅडम, लग्नाचा खर्च असताना काम गेलं तर?" ती म्हणाली. "इथे शाल दोनदाच बघितली आम्ही. एकदा कटिंगमास्तर रिटायर झाले तेव्हा, एकदा वॉचमनकाकांना घरी बसवलं तेव्हा. तिसरी कुंदाबाईंना. चौथी मला कशाला?"

सत्काराचा व्हिडिओ तन्वीच्या मोबाईलवर होता. मी तो मागून घेतला. पारकरशेठ इस्त्रीचा शर्ट घालून उभे. कुंदाबाईंना शेठच्याच खुर्चीत बसवलेलं. शेठ बोलू लागले, आणि खरं सांगते, छान बोलले. "कुंदाबाईंनी या कारखान्यासाठी जे केलं ते आम्ही कधीही विसरणार नाही. त्यांची उणीव आम्हाला सतत भासेल. पुढील आयुष्यात त्यांना उत्तम आरोग्य लाभो." मी थक्क झाले. नंतर शेठना विचारलं, हे भाषण आणलं कुठून? म्हणाले, "मोठे बंधू बँकेतून रिटायर झाले तेव्हा त्यांचे साहेब बोलले होते. मला फार आवडलं होतं. घरी आरशासमोर पाठ केलं." त्या बिचाऱ्यांनी आयुष्यात कौतुकाचं एवढं एकच भाषण ऐकलं होतं. दुसरं आणणार कुठून?

व्हिडिओत बायका पदराने डोळे पुसत होत्या. तन्वीने त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं होतं, 'उपस्थित भारावून गेले.' मला आधी हसू आलं. मग कुंदाबाईंचा चेहरा दिसला आणि हसू गेलं. त्या शेठकडे बघत नव्हत्या, कुणाहीकडे बघत नव्हत्या. भिंतीशी असलेल्या आपल्या चेकिंगच्या टेबलाकडे बघत होत्या.

त्या रविवारी मी बराच विचार करत बसले. आपल्याकडे माणसाबद्दल तोंड भरून बोलतात ते कधी? तो निघताना, नाहीतर गेल्यावर. एरवी त्याचं कौतुक त्याच्या पाठीमागे, तिसऱ्याच माणसापाशी. तोंडावर स्तुती करणारा म्हणजे कामापुरता मामा म्हणणारा, असंच आपण समजतो. परदेशात जुळवलेली साखळी सांगते, कौतुक झालं की माणूस टिकतो. आपल्या या गाळ्यातली साखळी सांगत होती, कौतुक झालं म्हणजे दाणापाणी संपलं. दोन्ही साखळ्या आपापल्या जागी पक्क्या होत्या. आम्ही एकीची कडी दुसरीत अडकवली आणि एका बाईचं काम गेलं. याची मला लाज वाटली, आणि रागही आला.

कुंदाबाईंचं घर फुलपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर. बाई साताऱ्याकडच्या, लग्न होऊन विरारला आलेल्या. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा, सून आणि त्या. मी गेले तेव्हा पुढ्यात इमिटेशन दागिन्यांचे खडे आणि गोंदाची वाटी होती. घरबसल्या खडे चिकटवायचं काम घेतलं होतं. सून कामावर गेली होती, म्हणून त्या मोकळेपणी बोलल्या.

"शेठनी मला जा म्हणून नाही सांगितलं. तेवढी अब्रू राखली त्यांनी," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उलट कौतुकच होतं, की बघा किती रीतीने पाठवलं. "घरी मी सांगितलं, मीच सोडलं. गुडघे दुखतात म्हणून."

"दुखतात?"

"कधी नाही दुखले, मॅडम. आता बसून बसून दुखायला लागलेत." मग खडा उचलत हळूच म्हणाल्या, "सून चांगली आहे. पण कामाला जाणाऱ्या बाईला घरात विचारून भाजी आणतात. बसलेल्या बाईला आणलेली भाजी निवडायला देतात. कळतं ते."

आता आमच्या धंद्यात एक दंडक आहे. आपण बघायचं, विचारायचं, लिहायचं. मध्ये हात घालायचा नाही. पंचाने बॅट हातात घ्यायची नसते. हा दंडक मी आयुष्यभर पाळला आणि नवख्यांना डोळे वटारून शिकवला. पण माझा अहवाल लिहून, वाचून, त्यावर बैठक होईपर्यंत या बाई खडेच चिकटवत बसल्या असत्या, तेही एका न झालेल्या निरोपापायी. मी दंडक बाजूला ठेवला. आजही त्याचं मला काही वाटत नाही.

"कुंदाबाई," मी म्हटलं, "तो निरोप नव्हता." आणि सगळं सांगितलं. दर महिन्याला एकेकाचा सत्कार व्हायचा होता, पहिलं नाव शेठनी स्वतः तुमचंच दिलं, भाषण भावाच्या निरोपाचं होतं कारण दुसरं येत नव्हतं.

त्या खडा चिकटवायच्या थांबल्या. हातातला खडा बोटालाच चिकटला. मग म्हणाल्या, "मग माझ्या जागी दुसरी मुलगी का बसवली?"

"तुम्ही आला नाहीत म्हणून."

"फोन का नाही केला?"

"तुम्ही का नाही केला?"

यावर त्यांनी मान खाली घातली. पण ताठा तसाच होता. मी विचारलं, तुमची परवानगी असेल तर शेठना सांगू का? आधी नको म्हणाल्या, दया म्हणून बोलावतील. मी उठले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "सांगा. पण मी आपण होऊन जाणार नाही. त्यांना यायचं तर येऊ देत."

पारकरशेठनी ऐकलं आणि आधी भडकले. "म्हणजे भाषण चांगलं केलं हा माझा गुन्हा?" मग खुर्चीत बसले. हंगामात कितीतरी दप्तरं दुकानदारांकडून परत आली होती, चेन अडकते म्हणून. त्यांची पोती अजून कोपऱ्यात पडली होती. त्यांकडे बघत म्हणाले, "फोन करतो." आठवडाभर केला नाही. मग मलाच फोन आला, "मॅडम, तुम्ही बरोबर चला. मला असल्या ठिकाणी बोलता येत नाही."

"त्या दिवशी तर सुरेख बोललात."

"ते पाठ केलेलं होतं."

अहवालात मी काय लिहिलं ते आधी सांगून टाकते. सकाळचं चांगलं ते सांगणं चालू ठेवा, असं लिहिलं. शाल, खुर्ची, भाषण बंद करा. कौतुक करायचं तर काम चालू असताना, कामाच्या जागी, एका वाक्यात करा, म्हणजे ऐकणाऱ्याला उद्याही यायचंय हे कळेल. ट्रस्टच्या साहेबांनी विचारलं, "थोडक्यात, यशस्वी की अयशस्वी?" मी म्हटलं, थोडक्यात सांगता आलं असतं तर मला कशाला बोलावलं असतंत? ते हसले नाहीत. पुढे त्यांनी मला काम दिलं नाही. तन्वीने मात्र पुढच्या कारखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला, की तुमच्याकडे शाल कधी घालतात? पोरगी शिकली, याचं मला समाधान आहे. फुलपाड्याची ती संध्याकाळ मात्र अहवालात कुठे बसत नव्हती. म्हणून इथे लिहिते.

शेठ तीन मजले चढून धापा टाकत आले. हातात बिस्किटांचा पुडा. घरात सून नुकतीच कामावरून आली होती. आतल्या खोलीत मिक्सर चालला होता. शेठ कॉटच्या कडेला बसले. पाणी प्यायले. मुलाची चौकशी केली, गुडघ्यांची केली. मग मालाच्या गोष्टी काढल्या. नवीन मुलगी चेन फक्त एकदा चालवते. चेनचा रनर खराब आलाय हे तिला कळत नाही. दुकानदार शिव्या घालतात. बोलता बोलता आवाज चढला, जणू सगळा दोष कुंदाबाईंचाच. मी मनात म्हटलं, झालं, हे भांडूनच जाणार. कुंदाबाई शांतपणे ऐकत होत्या.

शेवटी शेठ म्हणाले, "सोमवारपासून या. त्या मुलीला शिकवा. टेबल तुमचंच आहे."

कुंदाबाईंनी चहाचे कप पुढे सरकवले आणि विचारलं, "शेठ, त्या दिवशी बोललात ते निरोपाचं नव्हतं?"

"निरोप कसला? तुमचं काम कुठे संपलंय?"

"मग ते खरं होतं?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अशा वेळी मूल्यमापन करणाऱ्याने कॅलेंडर बघावं. "खोटं बोलायला मी काय पुढारी आहे?" ते पुटपुटले.

"मग परत एकदा बोला," कुंदाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी काही ऐकलं नाही. खांद्यावर शाल पडली आणि मी घरी काय सांगायचं तेच ठरवत होते."

शेठनी कप खाली ठेवला. घसा साफ केला. "कुंदाबाईंनी या कारखान्यासाठी..." एवढं म्हणून थांबले. "ते नको. पुढील आयुष्य वगैरे ते काही नको." पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला होता. फरशीकडे बघत, एकेक शब्द शोधत ते बोलू लागले. "तुम्ही टेबलावर असलात की मी गाळा सोडून बाहेर जाऊ शकतो. आमची आई गेली तेव्हा मी गावाला गेलो, दिवसकार्य होईपर्यंत राहिलो. मागे काय होईल हे एकदाही मनात आलं नाही. तुम्ही होता म्हणून. दुसऱ्या कुणावर टाकून मी असा कधी गेलेलो नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

आतला मिक्सर बंद झाला होता. सून ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती. सासूने गुडघ्यांसाठी काम सोडलं एवढंच तिला माहीत होतं, आणि आता ती एकदा शेठकडे, एकदा सासूकडे बघत होती. कुंदाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. त्या शेठकडेच बघत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता ऐकलं. सोमवारी येते."